ज्याच्या हातात चेंडू नसतो

आमच्या घरात दोनच संघ खेळत असत, काळे आणि पांढरे. टीव्ही चौदा इंची होता, रंग दाखवण्याची त्याची ऐपत नव्हती, आणि केबलवाल्याने अख्ख्या गल्लीला एकाच वायरवर लटकवून ठेवलेलं असल्यामुळे शेजारच्यांनी मिक्सर लावला की खेळाडूंच्या अंगावरून पांढऱ्या रेघा वाहत जात. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलचे सामने त्या वायरवरून लिंबायतमध्ये सकाळी पोचत, कारण तिथली संध्याकाळ ती आमची सकाळ. आणि नेमक्या त्याच सुमाराला आबांची रात्रपाळी सुटे. उधन्याला लूमचं खातं होतं (सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात), तिथे बारा तास उभं राहून ते घरी येत, मोरीत कोपरापर्यंत हात धूत, तरी भुवयांवर धाग्याचा भुरका राहायचाच, आणि भिंतीला पाठ टेकून बसत. माय ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कपभर चहा एकदमच पुढे ठेवी, कारण आबांना झोप कधी गाठेल याचा भरवसा नसे. समोर दहा उंच माणसं पळत असत. माझी शाळा दुपारची होती, त्यामुळे सकाळचे हे दोन तास आमच्या दोघांचे होते.

पहिले कित्येक महिने आबांची अशी समजूत होती की पांढरे हा एकच संघ आहे आणि तो रोज खेळतो. स्वतःच्या मैदानावर खेळणारा संघ पांढरे कपडे घालतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही ते फार उशिरा समजलं. "ह्या पांढरासले सुटी नही काय?" ते एकदा काळजीने म्हणाले. मायने भाकरी थापता थापता उत्तर दिलं, "शेठनी घरनी माणसं नही त्या. कामावर्‍या शेत." मालकाच्या घरची नव्हेत, कामाला ठेवलेली माणसं आहेत ती. घरात बराच वेळ त्यावर विचार झाला. चेहरे बदलत होते हेही आबांनी पाहिलं होतं, पण त्याचं स्पष्टीकरण त्यांच्यापाशी तयार होतं: पाळी बदलते.

आवाजाविषयी सांगायला हवं. टीव्हीच्या आवाजाचं बटण केव्हाच तुटलं होतं आणि ते दुरुस्त करावं असं कुणाला वाटलं नव्हतं. वीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यावर आबांना फारसं ऐकू येत नसे. गल्लीतल्या सगळ्याच पुरुषांचं तसं होतं, म्हणून त्याला कुणी आजार म्हणत नसे. आमच्याकडे ते वय झाल्याचं लक्षण होतं, फक्त ते तिशीतच यायचं. खात्यात माणसं ओठांवरून बोलणं वाचत आणि हातांनी उत्तर देत. दोन बोटं कात्रीसारखी उघडली की तार, म्हणजे धागा, तुटला. तळहात पालथा करून हवेत हळूच पुढे सरकवला की सगळं सुरळीत चाललंय, इकडे येऊ नकोस. ह्या खुणा घरातही आल्या होत्या. माय डाळीला फोडणी देताना पाठमोऱ्या बसलेल्या आबांना हाक मारत नसे, फरशीवर टाचेने दोनदा ठोकायची; ते वळले की खूण करायची. पाहुण्यांना वाटे, नवरा-बायकोचं भांडण झालंय.

तर आबा सामना बघत ते असे, एका बहिऱ्या विणकराने बघावे तसे. विणकर कधीच धोट्याकडे बघत नाही. धोटा म्हणजे लूमवर इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा, ज्याच्या पोटात धाग्याची कांडी असते. तो इतक्या वेगाने जातो की त्याच्याकडे बघणाऱ्याला भोवळच यायची. नवा माणूस हटकून धोट्याकडे बघतो, आणि तेवढ्यात दुसरीकडे तार तुटून गज-दीड गज कापड वाया जातं. जुना माणूस उभ्या धाग्यांच्या ताण्यावर नजर पसरून उभा राहतो. आबांनी ही नजर जशीच्या तशी टीव्हीपुढे आणली होती. चेंडू कुठे आहे हे त्यांना बहुधा ठाऊकच नसे. कोण जिंकतंय हेही ते मला विचारत, आणि तेही जेवण झाल्यावर, हवापाण्याची चौकशी करावी तसं.

मी मात्र चेंडूकडे बघायची. त्या वर्षांत साऱ्या जगाचा एकच लाडका खेळाडू होता, हवेत तरंगणारा. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याला त्याची गरज नाही. मी वहीच्या मागच्या पानावर त्याचे पॉइंट मांडत असे. आबांनी त्याचं नाव पोपट ठेवलं होतं. निंदा म्हणून नव्हे. "चांगला उडस," ते म्हणायचे, आणि त्यांची नजर पुन्हा भलत्याच माणसावर जाऊन बसे.

तो भलता माणूस म्हणजे बहुतेक वेळा काळ्यांमध्ये दिसणारा एक जाड, टक्कल पडू लागलेला, तोंडात सतत काहीतरी चघळत असल्यासारखा दिसणारा गडी. त्याने चेंडू टोपलीत टाकलेला मी क्वचितच पाहिला असेल. आबा त्याला कांडीवाला म्हणत. खात्यात कांड्या भरून देणारा एक माणूस असतो. विणकराचं काम मीटरवर मोजतात, त्याचं कशावरच मोजत नाहीत, आणि तो एक दिवस आला नाही तर चोवीस साचे, म्हणजे लूम, बंद पडून राहतात.

"ह्यानं काय देखतस तुम्ही?" मी वैतागून विचारलं. आबांशी बोलताना त्यांच्या समोर जाऊन, तोंड उजेडात धरून बोलावं लागे, त्यामुळे वैताग लपवणं शक्य नसे.

"त्यानं तोंड देख."

"तो काहीतरी खातोय."

"खाई नही ऱ्हायना. बोली ऱ्हायना. बठ्ठासले सांगी ऱ्हायना."

मी बघितलं. खरंच होतं. समोरचा संघ चढाईवर आला की त्या माणसाचं तोंड क्षणभर मिटत नव्हतं. तो सगळ्यांच्या मागे उभा राही, आणि ज्यांना मागचं दिसत नाही त्यांना मागे काय चाललंय ते सांगत राही. कोण कुठून येतोय, कोण वाट अडवून उभा राहणार आहे, तू सरक, मी बघतो. ज्यांच्या टीव्हीला आवाज होता त्यांना हे कधीच कळलं नसणार, कारण त्या आवाजात समालोचक पोपटाचं कौतुक करत असणार. आमच्या मुक्या टीव्हीवर ते लख्ख दिसत होतं. तो बाकावर जाऊन बसला की मिनिटभरात काळ्यांचा खेळ उसवायला लागे. जो तो दुसऱ्याकडे हात पसरून बघतोय, मघाशी इथे कोण होतं म्हणून. आबा मग मुकाट्याने दोन बोटांची कात्री करून मला दाखवत.

त्यांची आणखीही मतं होती. कुठला संघ पुढे जाणार हे ते सामन्यावरून नाही, पडण्यावरून सांगत. एखादा खेळाडू खाली पडला की त्याला उठवायला किती हात येतात ते मोजायचं. चार आले तर संघ उन्हाळ्यातल्या शेवटच्या सामन्यांपर्यंत टिकेल. एकच आला आणि तोही पंचाचा असला तर त्यांच्यावर वेळ घालवू नकोस. तीन मोठमोठी नावं असलेला एक संघ होता, त्याच्यावर वर्तमानपत्रात बारक्या अक्षरांत का होईना पण रोज काहीतरी यायचं. मी महापालिकेच्या वाचनालयात जाऊन ते शोधून वाचायची आणि आबांना येऊन सांगायची की यंदा हेच. आबा म्हणायचे, "त्यासना एकपण मानूस खाले वाकत नही." तो संघ पहिल्याच फेरीत घरी गेला. पांढऱ्या कपड्यांतला एक कृश, म्हातारासा गडी त्यांना आवडे, कारण चेंडू हातात यायच्या आधीच तो कुणाला द्यायचा हे त्याने ठरवलेलं असे. "चहा मांडाआधी कप देखी ऱ्हायना," ते म्हणत. आणि सामन्याच्या शेवटी कॅमेऱ्याकडे बघून छाती बडवणाऱ्यांविषयी त्यांचं मत खात्यात कापडाचे ताके मोजायच्या वेळीच हजर होणाऱ्या मुकादमाविषयी असतं तसं होतं.

आता ह्या सगळ्याला आकडे आहेत. एखादा माणूस मैदानावर असताना संघ किती पुढे जातो आणि तो बसला की किती मागे पडतो याचे तक्ते निघतात, आणि ते करणाऱ्या चष्मेवाल्या मुलांना चांगले पगार मिळतात असं ऐकते. माझ्या मोबाइलवर ते सगळं येतं. पन्नाशी उलटलेल्या बाईने सकाळी चहाबरोबर हे बघत बसावं याचं माझ्या सुनेला नवल वाटतं. मी आवाज बंद करून बघते. मग कधीतरी एखाद्या अनाम गड्याचं तोंड हलताना दिसतं आणि शेजारच्या भिंतीकडे मान वळते. भिंतीला कुणी टेकलेलं नसतं. आबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण मतं ज्याला सांगायची तो माणूस गेला की मतांचं काय करायचं हे मला अजून समजलेलं नाही.

त्याच काळात मी स्वतःही खेळू लागले होते. सातवीपर्यंत मी लिंबायतच्या मराठी शाळेत होते. पुढे उधन्याच्या गुजराती शाळेत गेले. तिथे बास्केटबॉलचं मैदान होतं, म्हणजे सिमेंटची फरशी, दोन खांब आणि एकाच खांबाला जाळी. पी.टी.चे जरीवाला सर स्वतः कधीकाळी व्हॉलीबॉल खेळलेले होते आणि दोन्ही खेळांत चेंडूच असतो एवढ्या आधारावर ते आम्हाला शिकवत. माणूस भला. मी उंच होते, पळायची, आणि रोज सकाळी अमेरिकेत जाऊन यायची, म्हणून अकरावीत मी कॅप्टन झाले. गुजराती मी तोवर इतकी चोख बोलत होते की नव्या मुलींना मी सुरतीच वाटे. मी तो गैरसमज दूर करत नसे. डब्यात कळण्याची काळपट भाकरी असली तर डबा मांडीवर उघडायची, बेंचवर नाही.

गोदावरी त्याच वर्षी आली. तिचे वडील परभणीकडचे, सेंट्रिंगचं काम करायचे. जिथे स्लॅब पडेल तिथे घर. ती बुटकी होती, रुंद खांद्यांची, आणि मी पाहिलेल्या बास्केटबॉल खेळाडूंपैकी तिचा नेम सगळ्यात वाईट होता. पण पहिल्याच दिवशी मी बचावाला उभी असताना मागून खणखणीत आवाज आला, "उजे, मागं." उजे म्हणजे मी. दचकून सरकले, आणि जिथे मी होते तिथे येऊन एक मुलगी माझी वाट अडवायला उभी राहिली होती. त्यानंतर तो आवाज थांबलाच नाही. "मागं. उजवीकडं. सोड तिला, माझ्याकडं दे. आता पळ." गुजराती तिला येत नव्हती असं नाही, पण घाईत तिच्या तोंडातून मराठीच निघे, आणि बास्केटबॉलमध्ये सतत घाईच असते. गुजराती मुलींना 'मागं' या एका शब्दाचा अर्थ आठवड्याभरात कळला. त्या हसायच्या आणि सरकायच्या. आणि मग माझ्याकडे बघून विचारायच्या, "ए, आ तारा गामनी छे?" परभणी आणि आमचं अमळनेर यांच्यामध्ये किती अंतर आहे हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मी म्हणायची, "ना."

फाल्गुनी आमची चेंडू टाकणारी. तिच्याविषयी वाईट लिहावं असं माझ्याकडे काही नाही. गोरी, हसरी, ढोकळ्याचा डबा सगळ्यांत फिरवणारी, आणि जाळीवाल्या खांबाखाली तिचा नेम कधी चुकायचा नाही. बचावाला ती उभी राहायची ते कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

बडोद्याला शाळांची राज्य स्पर्धा होती आणि दहा जणींना जायचं होतं. नऊ नावं सहज ठरली. दहाव्या जागेला फाल्गुनी आणि गोदावरी, दोघी उरल्या, कारण फाल्गुनी दोन महिने आजारी असल्यामुळे सरावाला नव्हती आणि नुकतीच परत आली होती. त्याच आठवड्यात गोदावरीने मला एक गोष्ट सांगितली. शाळेच्या मागच्या नळावर आम्ही पाय धूत होतो. तिच्या वडलांना हजिऱ्याला नव्या प्लांटचं काम मिळालं होतं आणि महिनाअखेरीस सगळे तिकडे मजुरांच्या वस्तीत राहायला जाणार होते. तिथे जवळपास शाळा नव्हती.

"मावशी हाय लिंबायतला," ती म्हणाली. "आई म्हनली, टीममधी आलीस तर मावशीकडं ठिवते. बारावी हुईपर्यंत. नाही आलीस तर चल मुकाट्यानं. पोरगी कशासाठी ठिवायची, हे मावशीला सांगाया काहीतरी पायजे ना."

"येशील की," मी म्हणाले.

"माझा नेम नाही."

"कांडीवाल्याचाही नाही," मी म्हणाले, आणि मग तो कोण हे तिला समजावण्यात आमची अर्धी सुट्टी गेली. ती लक्ष देऊन ऐकत होती. आपल्यासारखं कुणीतरी अमेरिकेत आहे आणि त्याला पगार मिळतो, यावर तिचा विश्वास बसायला वेळ लागला.

निवडीचा सामना रविवारी सकाळी होता. त्याआधी समारंभ. संस्थेचे एक ट्रस्टी आम्हाला नवे कपडे द्यायला आले होते. त्यांनी भाषणात खेळाडूवृत्ती, चारित्र्य आणि आपलं स्वतःचं बालपण यांवर पाऊण तास घेतला, आमच्या खेळाला दोनदा हॉकी म्हटलं, आणि शुभारंभाचा नारळ जाळीच्या खांबाच्या पायथ्याशीच फोडला. फरशीभर पाणी झालं. राज्यपातळीवर नाव काढू पाहणाऱ्या अकरा मुली त्यानंतर वीस मिनिटं गोणपाटाने फरशी पुसत होत्या आणि ट्रस्टी सावलीत बसून उरलेलं खोबरं खात होते.

आबा केव्हा आले ते मला कळलं नाही. सामना सुरू झाल्यावर दिसले, कुंपणाच्या भिंतीशी, हातात रिकामा डबा, भुवया पांढऱ्या. रात्रपाळी करून घरी न जाता थेट आले होते. मला खेळताना त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. मी जीव तोडून खेळले. चार वेळा चेंडू टाकला, आणि प्रत्येक वेळी भिंतीकडे पाहिलं. प्रत्येक वेळी ते दुसरीकडेच बघत होते. गोदावरी माझ्या मागे उभी राहून ओरडत होती, फाल्गुनी समोरच्या बाजूला चेंडूमागून चेंडू टाकत होती, आणि माझे वडील, ज्यांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं, गोदावरीच्या तोंडाकडे बघत होते.

मध्यंतरात त्यांनी माझी नजर पकडली. बोट दाखवावं तशी हनुवटीने गोदावरीकडे खूण केली. बोटं ओठांपाशी नेऊन उघडमीट केली. मग पालथा तळहात हवेत पुढे सरकवला, सावकाश, लांबपर्यंत. सगळं सुरळीत चाललंय. हिच्यामुळे. मला अक्षर न् अक्षर कळलं. शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीने विचारलं, "आ काका कोण छे? मूंगा छे?" मुके आहेत का, एवढंच; त्यात कुचेष्टा नव्हती. मी बुटाची नाडी बांधायला वाकले आणि ती बराच वेळ बांधत राहिले.

सामना संपल्यावर जरीवाला सरांनी मला बाजूला घेतलं. "बे मांथी एक," ते म्हणाले. दोघींतली एक. "फाल्गुनीचा नेम आहे. पण ती मराठी छोकरी पण खोटी नथी. बहु बूम पाडे छे, एटलुं ज." तीही वाईट नाही, फार ओरडते, एवढंच. त्यांना खरंच ठरवता येत नव्हतं. व्हॉलीबॉलमध्ये असा पेच येत नसावा. "तुं कॅप्टन छे. तुं कहे ते."

मला सगळं माहीत होतं. हे मी आज लिहून ठेवते, कारण पुढे अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी लहान होते, मला जिंकायचं होतं, फाल्गुनीचे पॉइंट जास्त होते. पॉइंट जास्त होतेच. पण माझ्या डोळ्यांपुढे त्या क्षणी पॉइंट नव्हते. बडोद्याचं मोठं मैदान होतं, चहूकडे बसलेले लोक होते, आणि त्या सगळ्यांच्या देखत मागून माझ्या नावाने मराठीत मारलेली हाक होती. 'उजे.' मी उज्ज्वला होते. मी सुरतची होते. मी म्हणाले, "फाल्गुनी."

घरी आबांनी हातपाय धुतले, भिंतीला टेकले आणि विचारलं, "ती पोर?"

"सरनी नही लिधी," मी म्हणाले. सरांनी नाही घेतली.

ओठ वाचणाऱ्या माणसाशी खोटं बोलणं सोपं नसतं. तो डोळ्यांकडे बघत नाही, शब्द जिथे तयार होतो तिथेच बघत बसतो. आबांनी बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं," आणि आडवे झाले. त्यानंतरच्या सकाळी आम्ही सामने बघत राहिलो, पण त्यांनी मला कुणाचं तोंड बघ म्हणून सांगितलं नाही. मधल्या काळात कांडीवाल्याची बदली झाली. एका सकाळी तो दुसऱ्याच संघात दिसला. एरवी आम्ही त्यावर आठवडा काढला असता. कुठल्या शेठने का सोडला, नव्या खात्यात त्याचं जमेल का, जुन्याचं आता काय होणार. आबा फक्त म्हणाले, "त्याले इचारं नही व्हई कोनी."

बडोद्याला आम्ही पहिलाच सामना हरलो. फाल्गुनीने पुष्कळ चेंडू टाकले. समोरच्यांनी त्याच्या दुप्पट टाकले. मैदान खरंच मोठं होतं, लोकही होते, आणि कुणीही मला कुठल्याच भाषेत हाक मारली नाही. पाच जणी पाच ठिकाणी आपापला खेळ करत होतो. दुसऱ्या भागात मी चेंडूवाल्या मुलीच्या मागे जीव खाऊन धावत होते आणि पाठीमागे येऊन उभ्या राहिलेल्या एका थोराड मुलीवर पूर्ण वेगाने आदळले. तिची चूक नव्हती. ती नियमाप्रमाणे उभी होती. मला सांगायला हवं होतं कुणीतरी. मी फरशीवर पडून राहिले आणि मला उठवायला किती हात येतात ते मोजायचा मोह झाला. मी डोळे मिटून घेतले.

परत आले तोवर महिना संपला होता आणि गोदावरी शाळेत नव्हती. तिच्या मावशीकडून वस्तीचा पत्ता घेतला आणि एका रविवारी दुपारी मी हजिऱ्याची बस पकडली. आबा उठून बसले होते. "कथा जाई ऱ्हायनी?" कुठे चाललीस, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि मायने काही न विचारता शेवेची पुडी माझ्या पिशवीत टाकली.

हजिरा तेव्हा सगळा उघडा होता. लांबवर प्लांटच्या चिमण्या, अलीकडे खाडीचा चिखल, आणि मध्ये पत्र्यांच्या खोल्यांच्या रांगा. गोदावरी एका खोलीच्या सावलीत बसून सेंट्रिंगच्या फळ्यांतले खिळे उपटत होती. उपटलेला खिळा दगडावर सरळ करून डब्यात टाकत होती. मला बघून तिला आनंद झाला, तो तिने लपवला नाही.

"काऊन आलीस एवढ्या उन्हात? बस. काय झालं बडोद्याचं?"

"हरलो."

"लई?"

"लई."

"तुझ्यासमोर कोन व्हती? अन् फाल्गुनी कुठं उभी व्हती?" तिने खिळ्याने मातीत चौकोन काढला. मी सांगत गेले, ती ठिपके देत गेली. थोड्याच वेळात तो सामना, जो मी खेळले होते आणि तिने पाहिला नव्हता, तिला माझ्यापेक्षा जास्त कळला होता. "ही इथं उगंच उभी," ती फाल्गुनीच्या ठिपक्यावर खिळा टेकवून म्हणाली. "हिला ह्या बाजूला ठिवायची व्हती. तिथं तिचं कमी नुकसान हुतंय." रागाने नव्हे. आबांनी सांगावं तसं. "पुढच्या साली बघ. टीम वाईट नाही तुमची. ती नववीतली लंगडी घालत पळती ना, तिला घ्या. तिच्याकडं कुनाचं ध्यान नाही, पर ती चांगली हुईल."

बराच वेळ ती टीमचंच बोलत राहिली. तिचं स्वतःचं काही विचारायची संधीच तिने मला दिली नाही. शेवटी मी म्हणाले, "गोदे, तुझं नाव सरांनी नाही कापलं. मला विचारलं होतं त्यांनी. मी फाल्गुनी म्हणाले."

तिने हातातला खिळा दगडावर ठेवला, एक ठोका घातला, उलटा केला, दुसरा ठोका घातला.

"सांगितलं व्हतं सरांनी," ती म्हणाली. "त्याच दिवशी."

मला पत्र्याचा आवाज ऐकू येत होता. उन्हाने पत्रा तडतडत होता. "मग मघापासून हे सगळं काय बोलत बसलीस?"

"तू सांगतीस का नाही, ते बघत व्हते."

खिळा सरळ झाला होता. तो तिने डब्यात टाकला, हात परकराला पुसले आणि आत जाऊन तांब्या भरून आणला. "पाच वाजता शेवटची बस हाय," ती म्हणाली. "पानी पी अन् निघ." तिथलं पाणी मचूळ होतं, खाडीचं, घशाखाली उतरत नव्हतं. ती समोर उभी राहून बघत होती. मी तांब्या रिकामा केला.